होडीचं मशीन घरी खोलताना

आमच्या बचत गटाच्या होडीला पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन आहे. होडी आणि मशीन दोन्ही आम्ही जुनीच विकत घेतली. कर्लीच्या खाडीत आमचे शिनाण्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे, तराफे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोरांना बी बांधायचं, एप्रिल-मेपर्यंत माल काढायचा आणि मोठा पाऊस लागण्याआधी सगळं आवरायचं. पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की शिनाणे तग धरत नाहीत. त्यामुळे जून ते सप्टेंबर होडी रिकामी असते. मशीन खोलायचं तर याच दिवसांत.

खोलायची वेळ आली ती पाण्याच्या धारेमुळे. आऊटबोर्ड चालू असताना त्याच्या मागच्या अंगाने पाण्याची एक बारीक पण जोरदार धार बाहेर पडत असते. मोटारगाडीला थंड करायला रेडिएटर असतो. इथे मशीन ज्या पाण्यात उभं असतं तेच पाणी खालचा पंप वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि पुन्हा खाडीत सोडतो. त्यातलं थोडं पाणी डोळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम बाहेर काढलेलं असतं. धार नीट आहे म्हणजे पंप काम करतो आहे. मे महिन्यात आमची धार मंदावली, मग तुटक पडू लागली. मशीन दोरी ओढल्यावर लागायचं, पण तराफ्यापर्यंत पोचेतो तापून दम टाकायचं.

मालवणच्या बाजूला जूनमध्ये दुरुस्तीवाल्यांकडे मशीनं ओळीने लागलेली असतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि सगळ्यांना हीच उसंत मिळते. आमच्या मशीनची पाळी कधी येणार आणि बिल किती होणार, दोन्हींचा नेम नव्हता. गटाच्या बैठकीत ठरलं की घरीच खोलायचं. वाड्यातले तात्या आयुष्यभर बोटींवरच्या इंजिनांत वावरलेले. त्यांनी एकच अट घातली, "माझे हात आता चलनत नाय. तू खोल, मी सांगतंय." पेट्रोलचा हिशेब माझ्याकडे असायचा, एवढाच माझा मशीनशी संबंध. पान्यांचे नंबरसुद्धा मला ठाऊक नव्हते.

पहिले काही दिवस मी नुसती भांबावलेली होते. होडीवाले येता-जाता सांगायचे: आधी प्लग काढ, आधी लेग उतरव, मशीन आडवं करू नको, मॅग्नेटला हातोडा लावू नको. सगळं बरोबरच होतं. पण का, ते कोणी सांगेना, आणि कारण ठाऊक नसलं की शंभर सूचना एकाच वजनाच्या वाटतात. म्हणून मी तात्यांना प्रत्येक पायरीला "कित्या?" विचारत गेले आणि उत्तरं हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत गेले. हा लेख बहुतेक त्या पानांवरूनच लिहिते आहे, कारण नव्या माणसाला अडतं ते तिथेच.

मशीन होडीवर असतानाच एक तपासणी करून घ्यायची असते, कॉम्प्रेशनची. शेजारच्या मोटरसायकल गॅरेजमधून गेज मागून आणला. दोन्ही प्लग काढायचे, गेज एका भोकात आटायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढत राहायची. दोन्ही प्लग काढायचे, म्हणजे मशीन सारख्याच वेगाने फिरतं आणि आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. थ्रॉटल उघडा, म्हणजे हवा मोकळेपणी आत येते. प्लगच्या वायरी मात्र लोंबकळत ठेवायच्या नाहीत, त्या ब्लॉकला अर्थ करायच्या. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो ताण इग्निशनच्या बॉक्सवर येतो, आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना भलतीकडे ठिणगी पडणं धोक्याचंच. वरच्या सिलिंडरला ११० पौंड आले, खालच्याला ८०. आकडा थोडा कमी असला तरी एकवेळ चालतं, पण दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की रिंगा, गॅस्केट किंवा सिलिंडरची भिंत, यांतलं काहीतरी गेलेलं असतं.

वरचा आणि खालचा सिलिंडर म्हणजे काय, हेही मला आधी कळेना. आऊटबोर्डचा क्रँक उभा असतो. त्याची फिरकी सरळ खाली जाणाऱ्या लांब दांड्याने पाण्याखालच्या गिअरपर्यंत न्यायची असते. त्यामुळे सिलिंडर आडवे, एकावर एक निजलेले. हे चित्र डोक्यात बसलं तशी अर्धी यंत्ररचना आपसूक उलगडली: मॅग्नेट डोक्यावर का, पंप इतका खाली का, आणि लेग, म्हणजे मशीनचा खालचा गिअरचा भाग, उतरवल्याशिवाय पंप का दिसत नाही.

उतरवण्यासाठी आम्ही मोठ्या भरतीची वेळ धरली. होडी जेवढी वर घेता येईल तेवढी घेतली. ती अजून पाण्यात असतानाच मशीन थोडा वेळ चालवलं आणि पेट्रोलची नळी काढून टाकली, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून मशीन आपोआप बंद पडलं. भरलेला कार्बोरेटर घेऊन मशीन घरात आणलं तर पडवीत पेट्रोल ठिबकतं, आणि आमच्या पडवीला लागूनच चुलीची खोली आहे. मग सुकती होऊन होडी चिखलात टेकेपर्यंत थांबलो. तरंगत्या होडीवरून मशीन उतरवणारे आहेत, पण एक हात निसटला तर मशीन खाडीच्या तळाला. चिखलात टेकलेली असूनही तात्यांनी पहिला स्क्रू सैल करायच्या आधी मशीनच्या मानेला दोर बांधून त्याचं टोक होडीच्या आडव्या फळीला बांधायला लावलं.

मशीन मागच्या फळीला दोन तऱ्हेने धरलेलं असतं. आतून दोन मोठे मुठीचे स्क्रू फळीला आवळतात, शिवाय फळीतून आरपार गेलेले बोल्ट असतात. आमच्या स्क्रूंच्या आट्यांत पांढरी भुकटी घट्ट बसलेली होती. मला ते मीठ वाटलं. काही मीठ होतंच, पण बाकीची भुकटी अ‍ॅल्युमिनियमची. मशीनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, स्क्रू-बोल्ट स्टीलचे, आणि दोघांना खारं पाणी लागलं की त्यांच्यात बारीक वीज वाहू लागते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. झिजून जी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, म्हणून आटे पाचर मारल्यासारखे जाम होतात. नुसत्या ताकदीने काम भागत नाही ते यामुळे. जोर लावला की आधी बोल्टची मान तुटते, आणि अर्धा बोल्ट आत राहिला की त्याला ड्रिलने काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं.

मी पाना लावून अंग टाकायच्या बेतात होते. तात्या म्हणाले, "जोर लावू नको गो, तोडशीत. त्येका येळ दी." गंज सोडवणारं तेल आट्यांवर सोडलं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले, म्हणजे भुकटीला चिरा पडून तेल आत उतरतं, आणि दुसऱ्या सुकतीपर्यंत तसंच ठेवलं. नंतर बोल्ट सोडवण्याआधी किंचित आवळायचा. त्याने जी पहिली हालचाल होते तीच महत्त्वाची. मग पाव फेरा सैल, पुन्हा थोडा आवळ, पुन्हा थोडा सैल. प्रत्येक वेळी आट्यांतून करड्या रंगाचं तेल बाहेर यायचं आणि बोल्ट आधीपेक्षा एक केस जास्त सुटायचा. हाताला तो फरक कळायला लागला तेव्हा माझी भीती गेली. अडलेला बोल्ट आणि तुटायला आलेला बोल्ट पान्याला वेगळे लागतात. अडलेला कुरकुरतो, तर तुटायला आलेला रबरासारखा मऊ लागतो आणि पाना न कुरकुरता फिरू लागतो. तसं जाणवलं की हात थांबवायचा आणि पुन्हा तेल.

मशीन निघाल्यावर मागच्या फळीवर ब्रॅकेटची काळी छाप दिसली. तिथे टोच्या दाबून बघितला तर एका बोल्टच्या भोकाभोवती तो सहज रुतला. आतलं प्लायवूड भिजून मऊ पडलं होतं. मशीन काढलं नसतं तर हे दिसलंच नसतं. पंधरा हॉर्सपॉवरचा सगळा रेटा त्या फळीवर येतो, त्यामुळे फळीचं काम गटातल्या सुतारकामाची जाण असलेल्या काकींकडे सोपवलं. पुन्हा बसवताना भोकांत सीलंट भरायचं, हे त्यांनी लगेच सांगून ठेवलं.

आमच्या मशीनचं वजन ३६ ते ३८ किलोच्या घरात. दोघींनी उचलण्याजोगं, पण चिखलातून चालत नेण्याजोगं नाही. म्हणून दोराचा फास करून ते बांबूला उभं टांगलं आणि दोघींनी खांद्यावर घेतलं. पुढे वाचनात आलं की नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी अमेरिकेतल्या मिल्वॉकीत १९०९च्या सुमारास जे आऊटबोर्ड विकायला काढलं, ते दीड हॉर्सपॉवरचं होतं आणि वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. आठ-दहा किलो जास्त उचलून आम्हाला दहापट ताकद मिळते आहे, हे वाचून मला त्या बांबूचा भार आठवला आणि यंत्र बनवणाऱ्यांबद्दल खरोखर आदर वाटला.

उभं टांगण्यालाही कारण आहे. पाण्यातून काढलेल्या मशीनच्या लेगमध्ये आणि एक्झॉस्टच्या वाटेत बरंच पाणी असतं. मशीन आडवं टाकून डोकं खाली गेलं तर ते पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. "आधी उभा ठेव, पाणी गळांदे," तात्या पुन्हा पुन्हा सांगत होते. नंतरही आडवं ठेवायची वेळ आली तर डोकं लेगपेक्षा वरच हवं. घरी आम्ही पडवीत जाड फळ्यांची घोडी केली, होडीच्या मागच्या फळीइतक्याच जाडीची आडवी फळी तिला ठोकली आणि मशीन तिच्यावर आवळलं. खोलताना ते हललं नाही, हे निम्मं काम. एक-एक भागाचे बोल्ट एक-एक करवंटीत ठेवले आणि करवंटीवर खडूने भागाचं नाव लिहिलं. ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर खरवडून, पुसून, फोटो काढून घेतला. पार्टवाला आधी तोच विचारतो. सोबत दांड्याची लांबीही विचारतो, १५ इंची आखूड की २० इंची लांब.

पहिल्यांदा पंखा काढला. पिन सरळ करून ओढली, नट सोडला, पंखा मागे घेतला. आणि त्याच्या मागे दांड्यावर तंगूस गुंडाळलेला निघाला. जाळ्यातून तुटून पाण्यात तरंगणारा पातळ नायलॉनचा धागा पंखा ओढून घेतो, आणि तो फिरत्या दांड्यावर आवळत आवळत थेट ऑइल सीलच्या ओठात शिरतो. आमचा तंगूस उष्णतेने वितळून चकाकणारी कडक कडी झाली होती. ती ब्लेडने कापून काढली तेव्हा खाली सीलचं रबर चिरलेलं दिसलं. पुढे काय दिसणार ते तात्यांनी आधीच सांगितलं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सोडला आणि मग हवा जावी म्हणून वरचा. तेल दुधाळ आलं. तेलात पाणी मिसळलं की ते असं दिसतं. चिरलेल्या सीलमधून खाडी गिअरमध्ये शिरली होती. दात आणि बेअरिंगं सुदैवाने अजून ठीक होती, गंजाचे बारीक ठिपके होते, खड्डे नव्हते. हा एवढासा धागा माझ्या मनातून जात नाही. खाडीत फेकलेल्या प्रत्येक तुटक्या जाळ्याचा हिशेब शेवटी कुणाच्या तरी मशीनच्या सीलवर येतो. आता आमच्यातली कोणीही पंखा वर घेतला की आधी त्याच्या मागे बघते.

लेग उतरवताना गिअर बदलायच्या दांडीचा जोड आधी सोडवावा लागतो. तो विसरून खाली ओढलं तर दांडी वाकते. आमचे लेगचे बोल्ट फळीवरच्यांपेक्षा जास्त जाम होते, तिथे तेलाबरोबर ब्लो लॅम्पची धगही द्यावी लागली. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे आटे किंचित सैल होतात. टाकी, नळी, कार्बोरेटर सगळं पडवीबाहेर नेल्यावरच लॅम्प पेटवला.

पंपाचं झाकण उघडल्यावर धारेचं कोडं सुटलं. आत रबराची इम्पेलर असते, सहा पात्यांची. ती गोल खोबणीत थोडी एका अंगाला बसवलेली असते. फिरताना पाती एका बाजूला दबतात, दुसरीकडे उघडतात, आणि त्या दाबा-उघडातून पाणी वर ढकललं जातं. आमच्या दोन पात्यांची टोकं गायब होती आणि उरलेली एकाच बाजूला वाकून तशीच राहिली होती. नवी इम्पेलर टाकली की झालं, असं मला वाटलं. तात्यांनी ती हातात घेतली, तुटलेल्या कडांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्येचे तुकडे खय?" तुकडे कुठे जाणार? पाणी जातं तिकडेच. ते वर कुठेतरी अडकलेले असणार, आणि ते सापडल्याशिवाय नव्या इम्पेलरलाही धार येणार नाही. एक तुकडा पाण्याच्या नळीच्या वरच्या टोकाशी सापडला. दुसऱ्यासाठी डोकं खोलावं लागलं.

मॅग्नेट काढायला पुलर लागतो. मॅग्नेट निमुळत्या दांड्यावर दाबून बसलेला असतो, नट सोडला म्हणून सुटत नाही. हातोडा मारायचा नाही, कारण आतले चुंबक चिकटवलेले असतात आणि ठोक्याचा मार खाली क्रँकच्या बेअरिंगवर जातो. पुलर मधल्या तीन भोकांत बोल्ट आटून बसवायचा. कडेला पकडून ओढला तर मॅग्नेट वाकतो. स्क्रू आवळत गेल्यावर एकदम टक् असा मोठा आवाज झाला आणि मॅग्नेट सुटून वर आला. दांड्याच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी लगेच करवंटीत. ती हरवली किंवा चुकीची बसली तर ठिणगीची वेळच चुकते.

सिलिंडर हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, आलटून-पालटून, थोडे थोडे सैल करायचे, म्हणजे हेड पिळवटत नाही. हेड निघाल्यावर पाण्याच्या वाटा दिसल्या. खालच्या सिलिंडरभोवतीची वाट मिठाने आणि त्या पांढऱ्या भुकटीने जवळजवळ बुजलेली. थर्मोस्टॅट क्षाराने बंद अवस्थेतच चिकटलेला. आणि त्याच्या तोंडाशी रबराचा दुसरा तुकडा. मी दोन्ही तुकडे इम्पेलरच्या तुटलेल्या पात्यांना लावून बघितले. कडा जुळल्या. आत आणखी काही राहिलेलं नाही, याची तेवढीच खात्री आम्हाला हवी होती.

आता ८० पौंडांचाही उलगडा झाला. पाणी न मिळाल्याने खालचा सिलिंडर तापत होता, पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि वरची रिंग कार्बनने खोबणीत चिकटून बसली होती. मोकळी नसलेली रिंग भिंतीला टेकत नाही, मग कॉम्प्रेशन निसटतं. रिंगा काढताना एक गोष्ट फार आवडली. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खोबणीत एक बारीक पिन असते आणि रिंगेची दोन टोकं त्या पिनेभोवती बसतात. सिलिंडरच्या भिंतीत पेट्रोल-हवा आत यायची आणि धूर जायची भोकं असतात; रिंग गोल फिरत राहिली आणि तिचं टोक भोकापाशी आलं तर ते बाहेर उसळून अडकेल. ती एवढीशी पिन ते होऊ देत नाही.

सिलिंडरचा बोअर आम्ही मोजायला कुडाळला एका वर्कशॉपमध्ये दिला. ओरखडे पिस्टनवरच होते, भिंत मापात निघाली. म्हणून नवा बोअर नको. खालचा एक पिस्टन, दोन्हींच्या रिंगा, गॅस्केटचा संच, सील, थर्मोस्टॅट, इम्पेलरचा पूर्ण संच आणि नवे अ‍ॅनोड एवढंच मागवलं. अ‍ॅनोड म्हणजे मशीनला बाहेरून लावलेले झिंकचे तुकडे. अ‍ॅल्युमिनियमऐवजी ते झिजतात, आणि झिजणं हेच त्यांचं काम. आमच्या मशीनवर त्यांच्या जागी नुसते बोल्ट उरले होते, म्हणजे बरीच वर्षं मशीन स्वतःच झिजत होतं. क्रँक मी उघडला नाही. हाताने हलवून बघितला, खेळ नव्हता, आणि दाबून जोडलेला क्रँक प्रेसशिवाय घरी खोलू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. घरी काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही ठरवावं लागतं.

पाण्याच्या वाटा आम्ही गरम गोड्या पाण्याने, लाकडी काडीने आणि बारीक ब्रशने साफ केल्या. क्षार काढायला अ‍ॅसिड सुचवणारे भेटले, पण कडक अ‍ॅसिड क्षाराबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं. या सफाईला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ती मुळात टाळता आली असती. खाडीतून आल्यावर दर वेळी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवलं असतं तर आतलं मीठ विरघळून निघून गेलं असतं. गटाने आता दोनशे लिटरचं एक पिंप घेतलं आहे आणि ते विहिरीशेजारी ठेवलं आहे.

पार्ट आले आहेत. इम्पेलर दांडा सरळ फिरतो त्या दिशेने फिरवत फिरवत बसवायची, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. स्क्रूंचे वॉशर नवे. बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस, जेणेकरून पुढच्या वेळी खोलणारीला तेल घालून वाट बघायला लागू नये. नव्या रिंगा बसेपर्यंत, पहिल्या दहा तासांसाठी, २५ लिटर पेट्रोलला १ लिटर टू-स्ट्रोक तेल, त्यानंतर ५० लिटरला १. हे प्रमाण मी रंगाने पेट्रोलच्या कॅनवरच लिहिलं आहे, कारण कॅन भरून आणणारी दर वेळी वेगळी असते.